कीमो चालू असताना चायनीज काढा घेताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

सिंगापूरमधे कुणाच्या घरात कॅन्सर निघाला की दोन ठिकाणी पळापळ सुरू होते, एक हॉस्पिटल आणि दुसरा मेडिकल हॉल. मेडिकल हॉल म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधीचं दुकान असतं ना तसंच, भिंतभर छोटे लाकडी खण, त्यावर चिनी अक्षरं आणि दारातूनच येणारा सुक्या मुळ्यांचा वास. चायनीज वैद्याला इथे सिनसे म्हणतात. माझ्या नवऱ्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज, ऑपरेशन झालं आणि मग दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, आणि आम्ही दोन्हीकडे गेलो. आज तो बरा आहे म्हणून हे लिहायला बसलेय. मी डॉक्टर नाही, पण तेव्हा आम्ही ज्या चुका केल्या त्याच आता ओळखीच्या दोन मराठी घरांत होताना बघितल्या, शिवाय साताऱ्याहून, पुण्याहून फोन येतात की तिकडचं ते चायनीज औषध पाठव ना गं, तेव्हा राहवत नाही.

हॉस्पिटलमधे सांगितलंच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघाल्या. सिनसेने दिलेला काढा आम्ही रोज उकळायचो, मातीच्या भांड्यात, तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत, आपल्या आज्ज्या करायच्या तसंच. त्यात ह्वांगची, दांगशन, बायचू, फूलिंग आणि गानचाओ. गानचाओ म्हणजे आपलं ज्येष्ठमध हे मला नंतर कळलं, आणि ज्येष्ठमध रोज जास्त गेलं की बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं हे त्याहून नंतर. कीमोत उलट्या-जुलाबाने पोटॅशियम आधीच खाली गेलेलं असतं.

ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, दर वेळी विचारायचे, "अजून काही घेताय का?" आणि आम्ही दोघं माना हलवायचो, नाही. भीती ही की रागावतील, बंद करा म्हणतील. कीमोच्या तिसऱ्या सायकलच्या, म्हणजे फेरीच्या आधी रक्त तपासलं तर एसजीपीटी, लिव्हरची तब्येत सांगणारा आकडा, जे ४० च्या आसपास असायला हवं, ते १७० च्या वर. कीमो दोन आठवडे पुढे ढकलली. आता हे कीमोच्या गोळ्यांनी झालं की काढ्याने हे डॉक्टरांना कळणार कसं, त्यांना तर काढा चालूच आहे हे माहीत नाही, ते आपले कीमोचा डोस कमी करायचा का यावर विचार करतायत. म्हणजे आमच्या गप्प बसण्याने त्याची खरी ट्रीटमेंट कमी व्हायची वेळ आली होती. त्या दिवशी मी रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, घरात जे जे आहे ते सगळं एका पिशवीत भरून उद्या फार्मसिस्टकडे घेऊन या.

पिशवीत निघालं काय काय! काढ्याच्या पुड्या, जिनसेंगचे सॅशे, एका मित्राने प्रेमाने आणलेल्या लिंगझी मशरूमच्या कॅप्सूल, आणि केस विरळ व्हायला लागले म्हणून शेजारच्या आंटींनी दिलेल्या हो-शौ-वूच्या गोळ्या. फार्मसिस्टने त्या गोळ्यांवरच बोट ठेवलं. हो-शौ-वू केसांसाठी चीनमधे शेकडो वर्षं घेतात आणि त्याने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदीही भरपूर आहेत. सगळं बंद केलं, दर आठवड्याला रक्त तपासलं आणि आकडे हळूहळू खाली आले. नक्की कशामुळे चढले होते हे शंभर टक्के कुणीच सांगू शकलं नाही, कारण आम्ही चार गोष्टी एकदम सुरू केल्या होत्या. म्हणून एका वेळी एकच नवीन गोष्ट, तीही विचारून, आणि सुरू केल्याची तारीख वहीत.

आणि सांगायचं ते दोन्हीकडे. सिनसेलाही कीमोच्या औषधांची नावं, तारखा, रक्ताचे रिपोर्ट दाखवा. चांगला सिनसे स्वतःच मागतो, आमच्या दुसऱ्या सिनसेने तर प्लेटलेट बघितल्याशिवाय अॅक्युपंक्चरची सुई हातात घेतली नाही. इथे २००० सालच्या कायद्याने सिनसेंची नोंदणी होते, नाव ऑनलाइन बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

नावाचा घोळ

एकदा मी एकटीच मेडिकल हॉलला गेले, दांगशन मागितलं, बहुतेक उच्चार चुकला, आणि काकांनी खणातून लालसर तपकिरी काड्या काढल्या. आमच्या पुडीतल्या मुळ्या तर फिकट पिवळट, सुरकुतलेल्या. ते होतं दानशन. नावात एवढासा फरक, पण झाडं वेगळी. दांगशन लोक सूपमधे घालतात, आणि दानशन वॉर्फरिन नावाच्या रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर गेलं तर रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दांगग्वे नावाच्या मुळीचंही तसंच. शिवाय रनशन, शाशन, कूशन अशी शन-शन नावं किती तरी आहेत.

यावरून आठवलं, बेल्जियममधे १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या गोळ्यांत फांगजी नावाच्या मुळीऐवजी तशाच नावाची दुसरी मुळी गेली, तिच्यात अॅरिस्टोलोकिक अॅसिड होतं, कित्येक बायकांच्या किडन्या गेल्या आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. सिसप्लॅटिन हे कीमोचं औषध चालू असेल तर किडनीवर आधीच ताण असतो. त्यामुळे नाव कानाने ऐकून विकत घेऊ नका, चिठ्ठीवरच्या चिनी अक्षरांचा फोटो काढा, वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि तोच फोटो फार्मसिस्टला दाखवा. विना लेबलच्या गोळ्या, भारतातून येवोत नाहीतर चीनमधून, घरात नकोतच.

"सूपच तर आहे"

काढा मोजला, सूप मोजलं नाही. आंटी दर शनिवारी मायेने डबा द्यायच्या, त्यात दांगग्वे, गोजी बेरी, कधी जिनसेंग. त्यांच्या हिशोबाने ते जेवण, आमच्या हिशोबानेही. आपल्याकडेही हेच होतं, आत्या गुळवेल सत्त्व पाठवते आणि आपण म्हणतो घरचंच तर आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मधे गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरच्या त्रासाची नोंद प्रसिद्ध केली होती, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला तो भाग वेगळा, पण कीमो चालू असताना ही जोखीम कशाला घ्यायची? साधा ग्रीन टीसुद्धा घ्या, मायलोमा नावाच्या ब्लड कॅन्सरसाठी जे बोर्टेझोमिब हे औषध देतात त्याच्या कामात ग्रीन टीमधला घटक आड येतो असं प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलंय. रोज पोटात जातं ते सगळं यादीत लिहायचं, सूप, चहा, हळदीचं दूध, सगळं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे पथ्य. सिनसे उष्ण आणि थंड म्हणतात ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आपण त्यातच वाढलो. पण त्यांचं पथ्य आणि आपलं पथ्य एकत्र केलं तर ताटात उरतं काय? चिकन उष्ण, मासे नकोत, दही थंड, केळं थंड. पाच आठवड्यांत नवऱ्याचं साडेचार किलो वजन उतरलं आणि डाएटिशियनने हात जोडून सांगितलं की याला प्रोटीन द्या. कीमोत वजन उतरणं फार वाईट. ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना सोयाबीन, टोफू बंद करायला लावतात तेही असंच, शांघायमधे ५,०४२ पेशंट बायकांचा अभ्यास २००९ मधे प्रसिद्ध झाला, त्यात जेवणात सोया जास्त खाणाऱ्यांमधे कॅन्सर परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. टोफू जेवणात असू दे, सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत.

मुंग्यांवर काढा शोधत बसलो

ऑक्सॅलिप्लॅटिनने हातापायाला मुंग्या येतात, थंड वस्तूला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं, नवरा फ्रिज उघडायला लोकरीचे हातमोजे घालायचा. कुणीतरी सांगितलं गोशा-जिंकी-गान घ्या, दहा घटकांचं जपानी औषध, मूळ चिनी परंपरेतलंच. नशिबाने तोवर आम्ही विचारून करायला शिकलो होतो. जपानमधे याच औषधाची याच त्रासासाठी नीट चाचणी झाली, २०१५ मधे निकाल आला, आणि औषध घेणाऱ्यांना मुंग्यांचा त्रास कमी नाही, उलट जास्त झाला, चाचणी मधेच थांबवावी लागली. पारंपरिक आहे, अनेकांना गुण आलाय, तरी मोजून बघितलं तर असं निघू शकतं.

मोजून बघितल्यावर चांगलं निघालेलंही आहे, आणि ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. अॅक्युपंक्चरने कीमोची मळमळ आणि उलटी कमी होते हे अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने १९९७ मधेच मान्य केलं. तो पॉइंट मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन टेंडनच्या, म्हणजे हाताला लागणाऱ्या दोन दोऱ्यांसारख्या स्नायूबंधांच्या मधे, नैग्वान म्हणतात, आम्ही घरी तो नुसता अंगठ्याने दाबायचो आणि त्याला बरं वाटायचं. पण सुया टोचायच्या असतील तर आधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघा, कमी असतील तर इन्फेक्शन आणि रक्तस्रावाची भीती. ब्रेस्टच्या ऑपरेशनमधे काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई लावायच्या आधी सर्जनला विचारा. कपिंग, म्हणजे पेले लावून कातडी ओढायचा प्रकार, आणि ग्वाशा, म्हणजे कातडी घासायचा प्रकार, प्लेटलेट कमी असताना नको. आणि पाय बधिर असतील तर मॉक्सा, म्हणजे जळत्या वनस्पतीची धग, नको, भाजलेलं कळतच नाही.

"नैसर्गिक आहे" आणि "सगळं थोतांड आहे"

दोन्ही बोलणारे आमच्या घरी येऊन गेले. मी त्यांना सोमलाची गोष्ट सांगते. सोमल म्हणजे आर्सेनिक, विषच. १९७० च्या दशकात चीनमधल्या हार्बिन शहरात झांग टिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गावठी औषधाचा अभ्यास केला, त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि बेडकाचं विष होतं. त्यांनी बाकीचं काढून टाकलं, काम सोमल करतोय हे शोधलं, आणि एपीएल नावाच्या ब्लड कॅन्सरवर ते इतकं लागू पडलं की २००० मधे अमेरिकेतही मान्यता मिळाली. पण ते देतात शुद्ध करून, सलाईनमधून, डोस मोजून, ईसीजी काढत काढत.

दुसरी गोष्ट तर आपल्या मातीतली आहे. चीनमधल्या शी-शू झाडापासून कॅन्सरच्या पेशी मारणारं कॅम्प्टोथेसिन शोधलं ते मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९६६ मधे. वाणी जन्मले आपल्या नंदुरबारला. तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात आहे, म्हणून तर कोकणात, कोल्हापूर-सिंधुदुर्गात नरक्याची एवढी चोरटी तोड झाली. आता काही लोक नरक्याची पावडर कॅन्सरवर म्हणून विचारतात. कृपा करून नको. ते द्रव्य सुरुवातीला माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाण्यासारखे त्रास झाले म्हणून १९७० च्या दशकात प्रयोग थांबवले होते, पुढे रेणूत बदल करून आयरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कॅन्सरची औषधं झाली. पावडर घेणारा माणूस ती सगळी मधली वर्षं ओलांडून थेट धोक्यात उडी मारतो.

ट्रीटमेंट सोडून नुसता काढा घेणं यावर मी जास्त लिहीत नाही, एवढंच की येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मधे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरमधे फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, ब्रेस्ट कॅन्सरमधे पाच पटीहून जास्त. चीनमधे बीजिंगच्या ग्वांगआनमेन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी सुद्धा कॅन्सरला चिनी औषध देतात ते बहुतेक वेळा कीमो, ऑपरेशनच्या जोडीनेच, त्याला फूजंग म्हणतात, शरीराची ताकद टिकवणं. हाँगकाँगच्या सरकारी हॉस्पिटल्समधे २०१४ पासून दोन्ही मिळून द्यायचा कार्यक्रम सुरू झाला तोही दोन्हीकडचे डॉक्टर एका पेशंटबद्दल एकमेकांशी बोलतील अशा पद्धतीने.

आधीच मिसळून बसला असाल तर

घाबरू नका, लपवूही नका. पुड्या फेकू नका, तशाच घेऊन जा. ऑपरेशन ठरलं असेल तर काढे, जिनसेंग वगैरे साधारण दोन आठवडे आधी बंद करतात, तारीख सर्जनकडून घ्या. लिव्हर आणि किडनीची तपासणी करायला स्वतःहून सांगा.

आणि काही गोष्टींत उद्यापर्यंत थांबायचं नाही. कीमोत ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटला गेला तर तापाचा काढा उकळत बसायचं नाही, पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, हॉस्पिटल गाठायचं. डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवी एकदम कमी, धाप लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी काढ्याच्या पुड्या, गोळ्यांची पाकिटं आणि ती वही एका पिशवीत टाका आणि त्याच तासाला हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.