ऑफर लेटर आलं. आधी काय बघाल?

मी कळंगुटच्या एका हॉटेलात मनुष्यबळ विभागात काम करतो, त्यामुळे भरती आतून कशी चालते ते रोज बघतो. पेडणे, डिचोली, सत्तरीकडची मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रं पाठवून विचारतात, "दादा, हे खरं का?"

मध्यंतरी एका मुलीने मोपा विमानतळावरच्या ग्राउंड स्टाफच्या नोकरीचं पत्र दाखवलं. लोगो, शिक्का, सही, सगळं चोख. पण मुलाखत नुसती चॅटवर झाली होती, पत्र जीमेलवरून आलं होतं आणि शेवटच्या पानावर गणवेशाची 'परत मिळणारी' अनामत भरायला क्यूआर कोड दिला होता. तो तिच्यासमोरच स्कॅन केला. पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. ते कंपनीचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. तिचे पैसे वाचले.

आमच्याकडे साधा वेटर घ्यायचा तरी समोरासमोर बोलणं होतं, स्वयंपाकघरात ट्रायल होते, आधीच्या मालकाला फोन जातो. आधार, पॅन, पासबुक लागतं ते रुजू होताना. ओटीपी कधीच लागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप, वैद्यकीय तपासणी, कुठल्याही नावाखाली आधी पैसे मागितले की थांबा. "आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर जागा जाईल" असं म्हणाले तर नक्कीच थांबा. कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून फोन करा. पत्रावरचा नंबर लावू नका.

बोटीवर जाणाऱ्यांना तर कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे त्यासाठी दागिने गहाण पडतात. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याला नियमानेच बंदी आहे. आखाताकडे जायचं असेल तर एजंटाचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. थायलंड किंवा म्यानमारमध्ये 'डेटा एंट्री'चा भरघोस पगार आणि तोही टुरिस्ट व्हिसावर, असं कुणी सांगितलं तर जाऊच नका. अशा मुलांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतात.

टेलिग्रामवरची 'व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या' ही कामंही त्यातलीच. सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, मग 'मोठ्या टास्क'साठी तुम्हालाच पैसे भरायला लावतात. आणखी एक, पगाराच्या नावाखाली कुणी तुमचं बँक खातं किंवा सिम वापरायला मागितलं तर साफ नकार द्या. चोरीचे पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

पैसे गेलेच तर घरच्यांपासून लपवत बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. तक्रार लवकर गेली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन इथेही तक्रार नोंदवता येते. तोवर चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि बँकेच्या मेसेजमधला यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा, क्रमांक कागदावर उतरवून ठेवा.