मेट्रोनं मंडईत येताय? मग चौक असा फिरा

पुण्याच्या मंडईचं मेट्रो स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये चालू झालं आणि पाहुण्यांना मंडई दाखवणं एकदम सोपं झालं, नाहीतर आधी गाडी कुठं लावायची यातच अर्धा जीव जायचा. वनाज किंवा रामवाडीकडून येत असाल तर सिव्हिल कोर्टाला उतरून स्वारगेटची गाडी पकडा, मधे कसबा पेठ लागतं आणि पुढचं मंडई. स्वारगेटहून तर पहिलंच स्टेशन. गाडी आणायचा हट्टच असेल तर मिनर्व्हा नाहीतर आर्यनचं पार्किंग विचारा, थिएटरं जाऊन जमाना झाला तरी लोक अजून त्याच नावानं पत्ता सांगतात.

सकाळी लवकर या. आठच्या आसपास आलात तर भाजी ताजी, ऊन कमी आणि चालायला जागा असते. संध्याकाळी सहानंतर आलात तर फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसेल.

वर आल्या आल्या सरळ भाजीकडं पळू नका, आधी लोकमान्यांचा पुतळा बघा. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते याचं अनावरण झालं, आणि अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक निघते ती या पुतळ्याला हार घालूनच, पहिला मान कसबा गणपतीचा. टीव्हीवर दरवर्षी जो चौक बघता तो हाच, फक्त तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

आता मंडईची मूळ इमारत. माझ्या मते बघण्यासारखी खरी गोष्ट हीच, बाकी सगळं बोनस. काळ्या दगडाची, मधे उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून आठ दिशांना गेलेल्या पाख्या. लांबून चर्चच वाटतं. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा, मग १८८० च्या दशकात ही इमारत बांधली आणि गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट म्हणायला लागले. गंमत म्हणजे महात्मा फुले तेव्हा नगरपालिकेत होते आणि एवढा पैसा इमारतीवर घालवण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा म्हणून त्यांनी विरोध केला होता, आणि पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला त्यांचंच नाव मिळालं. पुण्यात असंच होतं.

आत शिरलात की मधोमध, मनोऱ्याच्या खाली जाऊन उभे राहा आणि वर बघा. लोक कोथिंबिरीच्या भावात एवढे अडकलेले असतात की मान वर करतच नाहीत. मग गाळ्यांकडं वळा, विक्रेते ओट्यावर मांडी घालून बसलेले, आपण खाली, त्यामुळं भाव करताना आपणच मान वर करून बोलतो, निम्मी बाजी तिथंच जाते :) मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता मावशी "बोला ताई" म्हणतात तेव्हा घ्यायचं नसेल तर नुसतं हसून पुढं सरका, उगाच जुडी उचकटून ठेवू नका. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची असेल तर घासाघीस अजिबात नको. फोटो काढायचा तर आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, आणि पाव किलो काहीतरी घेतलंत तर हमखास हो म्हणतात. कापडी पिशवी घरून आणा. आणि चप्पल साधी घाला, खाली ओलं असतं, पालापाचोळा असतो, पांढरे शूज घालून आलेले लोक लगेच ओळखू येतात.

बाहेर आलात की अखिल मंडई मंडळाचा शारदा गजानन, झोपाळ्यावर बसलेली जोडी, दोन मिनिटांचं दर्शन. मग रामेश्वर चौकातून तुळशीबागेत. इथं वेळ किती जाईल ते तुमच्याबरोबर कोण आहे त्यावर अवलंबून आहे, मी बोलणार नाही. पण कानातली, क्लिपा आणि भातुकलीच्या गर्दीत आतलं राममंदिर चुकवू नका, पेशवाईतलं आहे, नारो अप्पाजी खिरे तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं, शिखरावरच्या कोनाड्यांतली शिल्पं निवांत बघा. बाहेर एवढा कलकलाट आणि आत चौकात चक्क स्वतःचं बोलणं ऐकू येतं.

एव्हाना भूक लागलेली असणार. तुळशीबागेतच श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे, रांग असेल तर थांबा. गोड हवं असेल तर कावरेंकडं आईस्क्रीम.

ताकद उरली असेल तर पुढं विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा. दर्शनी भागाचं लाकडी नक्षीकाम रस्त्याच्या पलीकडून बघा, जवळून कळत नाही, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आहेत. पेशवाई गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी इथं संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच पुढं डेक्कन कॉलेज झालं. दगडूशेठ गणपती पण चालत जाण्याएवढाच आहे, पण मंगळवारी आणि संकष्टीला रांग बघून ठरवा, बाहेरून रस्त्यावरूनही मूर्ती दिसते.

परत जाताना मंडई स्टेशनलाच यायची गरज नाही, दगडूशेठपर्यंत पोचला असाल तर तिथून शनिवारवाडा बघून कसबा पेठ स्टेशन गाठा, तेवढीच उलटी पायपीट वाचते. गणपतीत मात्र हा सगळा प्लॅन विसरा, रस्ते बंद असतात, त्या दिवसांत यायचंच असेल तर पर्स पुढं धरा, लहान पोरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी टाका आणि गर्दी जिकडं नेईल तिकडं जा.