चॅम्पियन संघ थकलाय का, हे मॅच बघताना कसं ओळखायचं

कोल्हापुरात मी पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मोठी स्पर्धा आली की आमच्याकडे वाद ठरलेला: अमका आता म्हातारा झाला, त्याला बसवा. नुसतं वय बघून निकाल देणं मला पटत नाही. आधी मैदानावर नीट बघा, मग बोला. कसं बघायचं, ते पोरांना सांगतो तसंच इथं सांगतो.

सगळ्यात आधी चेंडूवरची नजर काढा. चेंडू पायात असेपर्यंत मोठा खेळाडू पस्तिशीतही मोठाच दिसतो. वय दिसतं ते चेंडू गेल्यावर. संघानं चेंडू गमावला की पुढचे पाच-सहा सेकंद फक्त त्याच्याकडे बघायचं. लगेच वळतो का? समोरच्याच्या अंगावर जातो, की हात करून दुसऱ्याला पाठवतो? चालतच राहिला तरी लगेच नावं ठेवू नका. त्याच्या वाटणीचं कोण धावलं ते शोधा. कोणीतरी दरवेळी धावत असेल तर ते प्रशिक्षकानं ठरवून केलंय. कोणीच धावत नसेल तर संघाला तिथं भोक पडलंय.

हे भोक बघायचं असेल तर 13 जून 2014 ची विश्वचषकातली स्पेन-नेदरलँड्स मॅच काढा. स्पेन तेव्हा जगज्जेता. मध्यफळीत झावी 34 वर्षांचा, झाबी अलोन्सो 32 चा, गोलात कासियास 33 चा. पेनल्टीवर स्पेन 1-0 नं पुढं होता. 44 व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या व्हॅन पर्सीनं हवेत झेप घेऊन हेडर मारला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. मी पोरांना तिथून मागं न्यायला लावतो. ब्लिंडनं डावीकडून लांब चेंडू टाकला, तो क्षण बघा. मान वर करून, धावणारा माणूस हेरून पास द्यायला त्याला सवड मिळाली. दबाव टाकायला वेळेत कोणी पोचलंच नाही. असा पास सुटला की मागचे बचावपटू कितीही चांगले असोत, त्यांची पळापळ होते. मॅच 1-5 नं गेली. पुढच्या मॅचला झावी आणि पिके बाहेर, तरी चिलीनं 2-0 नं हरवून स्पेनला घरी पाठवलं. 22 वर्षांचा कोके संघात होता, त्याला उतरवलं मध्यंतरानंतर, तेव्हा स्पेन दोन गोलनं मागं होता. एकट्या झावीला दोष देणाऱ्यांशी म्हणूनच मी भांडतो. थकलेले पाय एकाच फळीत शेजारी शेजारी ठेवले, ही निवडीची चूक होती.

याच्या उलट 2022 च्या विश्वचषकातला अर्जेंटिना. मेस्सी 35 चा, कितीतरी वेळ चालतच होता. सौदी अरेबियाकडून 1-2 नं हरले तेव्हा 34 वर्षांचे दोघे, डी मारिया आणि पापू गोमेझ, त्याच्यासोबत सुरुवातीपासून मैदानात होते. पोलंडविरुद्ध उतरलेल्या संघाची यादी शेजारी ठेवून बघा: एन्झो फर्नांडेझ 21, हुलियान आल्वारेझ 22, मॅक अॅलिस्टर 23, आणि डी पॉल होताच. प्रशिक्षक स्कालोनीनं मेस्सीला धावायला लावलं नाही, त्याच्याभोवती धावणारे उभे केले. मला विचाराल तर विश्वचषक तिथं फिरला.

आता कागद-पेन घ्या. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा. आपल्या खेळाडूला चकवून चेंडू पुढं गेला आणि मागं सावरायला कोणी नव्हतं, की एक रेघ. साठाव्या मिनिटानंतर रेघा वाढल्या की बेंचकडे बघा. प्रशिक्षक काय करतो, यावरच बरंचसं कळतं.

12 एप्रिल 2022 ला चॅम्पियन्स लीगमध्ये बर्नाबेऊत, म्हणजे रिआल माद्रिदच्या घरच्या मैदानात, चेल्सी 3-0 नं पुढं गेली. पहिली मॅच रिआलनं 3-1 नं जिंकली होती, पण दोन्ही मॅचचे गोल मिळून आता रिआल बाहेर पडल्यातच जमा होता. प्रशिक्षक आन्चेलोत्तीनं तिसऱ्या गोलच्या आधीच, 73 व्या मिनिटाला, क्रूसला काढून 19 वर्षांच्या कामाविंगाला आणलं, थोड्या वेळात कासेमिरोच्या जागी रॉड्रिगो आला. मॉड्रिचला मात्र ठेवलं. 80 व्या मिनिटाला 36 वर्षांच्या मॉड्रिचनं उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू असा वळवून टाकला की रॉड्रिगोला धावता धावता फक्त पाय लावायचा होता. तो पास कितीदाही बघा. नजर जुन्याची, पाय नव्याचे. जादा वेळेत 34 वर्षांच्या बेन्झेमानं हेडर मारून काम पुरं केलं.

शेवटी, मोठा खेळाडू नसताना संघ कसा खेळतो ते बघा. 2024 च्या कोपा अमेरिका अंतिम सामन्यात मेस्सी घोटा दुखावून 66 व्या मिनिटाला बाहेर गेला, बेंचवर रडत होता. 112 व्या मिनिटाला पारेडेसनं चेंडू हिसकावला, लो सेल्सोनं पुढं सरकवला, लाउतारो मार्टिनेझनं गोल केला. तिघंही बदली म्हणून आलेले. आपल्या आवडत्या संघाची अशी एखादी मॅच शोधा, आणि त्याच्या म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूबद्दल वाद घालायच्या आधी ती पूर्ण बघा.