मासा सगळ्यांत शेवटी: खाऱ्या पाण्याच्या टाकीची तयारी

पहिलं काम जागा ठरवण्याचं, आणि ती वजनाचा हिशोब करून ठरवायची. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर पाणी मावतं, आणि खारं पाणी लिटरला किलोपेक्षा थोडं जडच भरतं. काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालच्या सम्पमधलं (स्टँडमधल्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी धरलं की आकडा अडीचशे-तीनशे किलोवर जातो. आपल्याकडे राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून काढतात आणि ही टाकी अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत उभी असते. भार आजूबाजूला वाटला जातो हे खरं, तरी हॉलच्या मधोमध ती नकोच. भिंतीला लागून, जमलं तर खाली बीम असेल अशा ठिकाणी ठेवा. इमारत जुनी असेल किंवा चार फुटांच्या पुढे जायचं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काचवाल्याला ऑर्डर देऊ नका.

एवढ्याने घाबरून दीड फुटाची छोटी टाकी घ्यावी असं वाटेल. नका घेऊ. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं: एका दुपारी तापतं, एका दिवसात खारटपणा वाढतो. नवशिक्याला चूक सावरायला वेळ लागतो आणि तो वेळ जास्त पाणीच देतं.

जागा बघताना उन्हाची खिडकी टाळा, देवघर आणि स्वयंपाकघराची बाजूही टाळा. स्किमर, म्हणजे फेस करून घाण काढणारं यंत्र, दिवसभर खोलीतली हवा ओढून पाण्यात बारीक घुसळत असतो. उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ, डासांचा फवारा, फरशीचं फिनेल, जे हवेत आहे ते पाण्यात जातं. घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर टाकी भरण्याआधी उरकून घ्या. स्टँड साध्या लोखंडाचा नको, मिठाने वर्षभरात गंजतो. मरीन प्लायचा, कडा नीट बंद केलेला बरा. त्यावर पाणसळ लावून बघा, वर थर्माकोलची शीट टाका आणि मगच टाकी ठेवा.

मग इलेक्ट्रिशियनला बोलवा. सम्पमधलं पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप, स्किमर, टाकीतलं पाणी हलवणारे दोन वेव्हमेकर, लाइट, पंखा, आटलेलं पाणी भरणारी टॉप-अपची मोटर: सात-आठ प्लग सहज होतात, ते एका एक्स्टेंशन बोर्डावर लादू नयेत. स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच), या तीन गोष्टींत काटकसर नको, कारण या टाकीत तुम्ही रोज हात घालणार आहात. बोर्ड सम्पच्या शेजारी कपाटात लावू नका, बाजूच्या भिंतीवर उंच लावा. प्रत्येक वायर बोर्डाच्या पातळीखाली झोळीसारखी लोंबून मग वर प्लगला गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालीच गळून पडतो. माझ्याकडे दुसऱ्या महिन्यात एका प्लगच्या पिनांभोवती पांढरी पापडी धरली होती. नखाने खरवडली तर ओलसर, कणीदार मीठ. पाणी कुठेच सांडलं नव्हतं, फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या तुषारांनी ते तिथवर पोचलं होतं. तेव्हापासून दर रविवारी सगळे प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसते.

वीज गेली तर काय, याचं उत्तर टाकी भरण्याआधी तयार हवं. पाणी हलायचं थांबलं की प्राणवायू कमी होऊ लागतो, आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी मावतो. अख्खी टाकी इन्व्हर्टरवर चालवायची गरज नाही. एक वेव्हमेकर चालू राहिला तरी बराच वेळ निभावतं. इन्व्हर्टर नसेल तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा, बॅटरीवरचा एअर पंप घ्या.

उन्हाळ्याचा विचारही आत्ताच करा. या टाकीला २५-२६ अंश हवेत, आणि पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर चाळीस असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, माठासारखंच. पण हे कोरड्या हवेचं गणित. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत पंखा तितकं काम करत नाही, पावसाळ्यात तर पुण्यातही नाही. किनाऱ्यालगत राहत असाल तर चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे पहिल्या बजेटमध्येच धरा. बहुतेक वेळा तो टाकीपेक्षा महाग पडतो. ते पैसे नसतील तर थांबा, मे महिन्यात उसने मागून ही अडचण सुटत नाही.

आता पाणी. नळाचं चालत नाही, टँकरचं तर मुळीच नाही. स्वयंपाकघरातला आरओ पुरेल असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यात मुद्दाम क्षार ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. टाकीला आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी लावून गाळलेलं पाणी लागतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर शून्य दाखवणारं. नाहीतर फॉस्फेट आणि सिलिकेट आत येतात आणि शेवाळाची बाग फुलते. तांब्याचा अंश आला तर शंख-खेकडे मरतात. मशिनमधून बाहेर पडणारं जास्तीचं पाणी बादलीत धरा, फरशी आणि संडासाला उपयोगी पडतं. झाकणाचे दोन पिंप घ्या, एक गोड्या पाण्याचा, एक खारं कालवायचा. दोन्ही नवे, कधी केमिकल न भरलेले.

मिठाबद्दल थोडं सविस्तर, कारण हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो: समुद्राचं पाणी म्हणजे मिठाचंच पाणी ना, मग खडेमीठ का नाही? समुद्राच्या क्षारांत सोडिअम क्लोराइड सुमारे ८५ टक्के असतं, बाकीचं मॅग्नेशिअम, सल्फेट, कॅल्शिअम, पोटॅशिअम वगैरे. भाईंदर किंवा उरणच्या मिठागरात काय होतं ते आठवा. कोंड्यांमधलं पाणी आटत जातं तसं आधी जिप्सम खाली बसतं, त्यातच बराचसा कॅल्शिअम जातो. मग मिठाचे खडे धरतात आणि मॅग्नेशिअमने कडू झालेलं उरलेलं पाणी सोडून देतात. म्हणजे आपल्या ताटातलं मीठ हा समुद्राचा एक भाग वेचून काढलेला आहे, आणि टाकीला हवा असतो अख्खा समुद्र. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेलं सिंथेटिक सी-सॉल्टच घ्या. दिवेआगर किंवा जुहूवरून कॅन भरून आणायचा मोहही टाळा. काठाजवळच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि बोटींचं डिझेल असतं.

प्रमाण लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, दीडशे लिटरला सव्वापाच किलो. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शिअम चुन्यासारखा खाली बसतो. पिंपात छोटा पंप सोडून चोवीस तास फिरू द्या. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) तयार द्रावणाने जुळवून घ्या. काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी खोटं सांगतो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की झालं. आणि रोज आटतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. पंखा चालू असलेल्या दिवसांत माझ्या टाकीला रोज दोन-तीन लिटर लागतात.

यंत्रांचं थोडक्यात आटोपते. स्किमर टाकीच्या लिटरेजपेक्षा एक नंबर मोठा घ्या. पावसाळ्यात किनाऱ्यावर जो पिवळट फेस येऊन पडतो, तेच काम तो नळकांड्यात करतो, घाण फेसाला चिकटते आणि कपात जमा होते. वेव्हमेकर दोन, समोरासमोर. लाइट सध्या साधा चालेल. पाण्याला लागणारा कुठलाही धातू नको, पाइपावरची जुबिली क्लिपसुद्धा प्लॅस्टिकची. टेस्ट किट मात्र द्रवाच्या थेंबांचे, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पाण्याची क्षारीयता) असे पाच, आणि एक साधी वही.

दगडांच्या बाबतीत माझं कळकळीचं सांगणं आहे. दुकानात कुणी कानाशी येऊन ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक आहे, रामेश्वरचा’ म्हणालं, तर तिथून निघा. तो प्रवाळाचा सांगाडा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आहेत, समुद्रघोडेही आहेत. आपल्या किनाऱ्यावरून ते काढणं, विकणं, विकत घेणं सगळंच गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घालून ज्याने ते जिवंत पाहिलंय, त्याला ते फोडून आणलेलं घरात बघवणार नाही. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र ड्राय रॉक घ्या, दीडशे लिटरला पंधरा-वीस किलो. तो आधी रचा, काचेच्या बुडावर घट्ट बसवा, वाळू नंतर टाका. वाळूवर दगड ठेवले तर वाळू उकरणारा मासा एक दिवस ते पाडतो. रचना पोकळ ठेवा, मागून पाणी फिरलं पाहिजे.

आता टाकी भरली, सगळं चालू झालं, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय. इथेच माझं चुकलं होतं. सगळं सामान आणि दोन क्लाउनफिश मी एकाच दिवशी आणले, कारण दुकानदार म्हणाला, बाटलीतले बॅक्टेरिया टाका, लगेच चालतं. चौथ्या दिवशी दोघं पृष्ठभागाखाली तोंड वर करून उभे होते, कल्ले भराभर हलत होते, धाकट्याच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक. पाणी तसंच स्वच्छ होतं. किट तेव्हा माझ्याकडे नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी दोन्ही गेले. वाचून नंतर कळलं की माशाच्या कल्ल्यांतून आणि मलमूत्रातून येणारा अमोनिया दिसत नाही, वासही येत नाही, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा इथे त्याचा जास्त हिस्सा विषारी रूपात असतो. त्या दोन माशांचं मला अजून वाईट वाटतं.

तर मासा न घालता टाकी चालवायची. बाजारातून एक कोळंबी आणा, सोललेली नको, मसाला-हळद न लागलेली, आणि जुन्या मोज्यात घालून टाकीत सोडा. ती कुजते, अमोनिया तयार होतो, दगडाच्या छिद्रांत एक प्रकारचे जिवाणू वाढून त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. आठवड्याभरात झाकण उघडलं की कोळीवाड्यातल्या दुपारसारखा वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा. अमोनिया चढतो, उतरतो. मग नायट्राइट चढतो, उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले, की जिवाणू बसले. याला चार ते सहा आठवडे लागतात. मध्येच वाळूवर तपकिरी बुरशीसारखा थर येईल. त्या डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं आहेत, आपोआप जातात. औषध टाकू नका. हे आठवडे कंटाळवाणे वाटले तरी रोज पाच मिनिटं टाकीसमोर बसा. पंपाचा आवाज, पाण्याची पातळी, थर्मामीटर यांची ओळख आत्ताच होते, आणि पुढे काही बिघडलं तर आवाजावरूनच कळतं.

हे चाललेलं असताना विलगीकरणाची टाकी तयार करा. साधी दीड फुटी, आत स्पंजचा फिल्टर आणि लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा. नवा मासा महिनाभर इथेच राहील. पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री रोग मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. तांब्याचं औषध याच छोट्या टाकीत द्यायचं, मोठ्या टाकीत कधीच नाही.

माशांची यादी छोटी ठेवा. क्लाउनफिशची जोडी, नंतर एखादा गोबी, काचा साफ करायला चार-सहा शंख, बास. क्लाउनफिश हॅचरीत जन्मलेलेच मागा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमच्या केंद्रांत त्यांचं बीजोत्पादन कधीच जमवलंय, ऐरोलीलाही हे काम होतं, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायला काही कारण उरलेलं नाही. दोन लहान पिल्लं घेतली तरी जोडी होते, कारण हे मासे नर म्हणूनच मोठे होतात आणि दोघांतला थोराड पुढे मादी होतो. अ‍ॅनिमोन (क्लाउनफिश ज्यात राहतात तो फुलासारखा समुद्री जीव) लागतोच असं नाही, पहिलं वर्ष तर नकोच. निळा टँग आणि मँडरिन दुकानात कितीही सुंदर दिसले तरी सोडून द्या: एकाला सहा फुटी टाकी लागते, दुसरा दगडावरचे बारीक जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. घेण्याआधी दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. जो खात नाही तो घ्यायचा नाही.

शेवटची तयारी गणपतीत गावाला जाण्याची. शेजारच्या काकूंकडे किल्ली देताना खाण्याचा डबा देऊ नका, प्रेमाने मूठभर पडतं. वारांच्या कप्प्यांची औषधांची डबी घ्या, प्रत्येक कप्प्यात एका दिवसाचे मोजून दाणे, आणि एक वार रिकामा. गोड्या पाण्याचा कॅन भरलेला, पातळीची खूण काचेवर टेपने केलेली, आणि दरवाज्यामागे कागद चिकटवलेला: वीज गेली तर कुठलं बटण, पाणी सांडलं तर कुठलं बटण, आणि टाकीवाल्या मित्राचा नंबर. जाण्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस काकूंना बोलवून हे सगळं त्यांच्याच हातून एकदा करून घ्या.