दहा गुंठ्यांच्या लॉनसाठी गवत कापायचं मशीन निवडताना

मावळातल्या आमच्या घराभोवती दहा गुंठे लॉन आहे, म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. विजेच्या मशीनची वायर टोकापर्यंत पुरत नाही. ब्रश कटर (लांब दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेलं, हातात धरून चालवायचं यंत्र) होताच, पण त्याने गवत एकसारखं कापलं जात नाही. कुठे टक्कल, कुठे झुपके. बसून चालवायचं मशीन एवढ्या जागेला चैनच, शिवाय मधे आंब्याची झाडं. शेवटी एका फेरीत १८ इंच रुंदीचा पट्टा कापणारं, आपोआप पुढे सरकणारं पेट्रोल मशीन घेतलं. तरी एका कापणीला सव्वादोन किलोमीटरहून जास्त चालणं होतंच! पावसाळ्यात उघडीप बघूनच कापतो, कारण ओलं गवत पात्याभोवती साचून इंजिन बंद पडतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढत नाही, नाहीतर लॉन पिवळं पडतं. कुंपणाच्या कडा मात्र अजून ब्रश कटरनेच.