मुळ्याचा रस गुलाबी झाला तेव्हा

बारावीनंतर न्यायसहायक विज्ञानाला, म्हणजे फोरेन्सिक सायन्सला प्रवेश घेतला, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगी पोस्टमॉर्टेम करणार. ते काम डॉक्टरांचं. त्यासाठी एमबीबीएस, आणि त्यातलं तज्ज्ञ व्हायचं तर फोरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी. प्रयोगशाळेत येतो तो सीलबंद मुद्देमाल: व्हिसेराच्या (मृताच्या अवयवांच्या नमुन्यांच्या) बरण्या, डागाळलेला शर्ट, एखादी चिठ्ठी. त्यातून निघतो तो ‘सीए रिपोर्ट’. सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, आयकरवाले नव्हेत!

पदवीसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय संस्था आहेत. गांधीनगरच्या न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाला 2020 च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याचा परिसर गोव्यातही आहे.

पहिल्या वर्षीचं एक प्रॅक्टिकल अजून डोळ्यांसमोर आहे. वाळलेल्या डागावर ओला बोळा फिरवायचा, त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. काही सेकंदांत बोळा गुलाबी. आम्ही खूश. मग बाईंनी डब्यातला मुळा काढला, बोळा त्यावर घासला. तोही गुलाबी! ‘लिहा आता, मुळ्याचा खून.’ रक्तातल्या हीमसारखंच, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागासारखंच काम मुळ्यातलं पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) करतं. म्हणून ही चाचणी फक्त शंका दाखवते. रक्तच आहे का, माणसाचं का, कोणाचं, हे पुढे वेगळं ठरवावं लागतं. केमिस्ट्री चुकवायला या शाखेत आले होते. त्या दिवसापासून तीच मानगुटीवर बसली.

माझं चुकलं ते पुढे. पदवीनंतरच्या पहिल्याच भरतीच्या जाहिरातीत अर्हतेच्या रकान्यात माझा विषयच नव्हता. साधी केमिस्ट्री केलेल्या मैत्रिणीने फॉर्म भरला, मी बघत बसले. मग अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी केली. म्हणून सांगते, प्रवेशाआधी जुन्या भरतीच्या जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हता शब्दन् शब्द वाचा. विषतपासणीला केमिस्ट्री, डीएनएला जीवशास्त्र किंवा बायोटेक, बंदुका-गोळ्यांना फिजिक्स, सायबरला कॉम्प्युटर, असा ढोबळ हिशेब.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा), सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशी तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने आणायची मुभा आहे. माणसं लागणार हे खरं, पण सरकारी भरती सरकारी चालीनेच होते. ती मैत्रीणही तोवर औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला लागली. यंत्र तेच, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी. फक्त तिच्या नमुन्यांवर लाखेचं सील नसतं.