मुंबई–लंडन: तिकिटावरून उड्डाणाचा खरा वेळ कसा काढायचा

मुंबई–लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी फसवते. दुपारी १ला निघून संध्याकाळी ६ला पोहोचलात, तर प्रवास पाच तासांचा नव्हे: जाताना दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक मिळवा, येताना वजा करा. हा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे जुलैत हेच उड्डाण साडेनऊ तासांचं. लंडनची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. घोळ होतो तो त्याच आठवड्यांत. येताना पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे पाठीशी असतात, म्हणून परतीला सहसा कमी वेळ लागतो. पण पोहोचता बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, तेव्हा विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांना तारीखही कळवा.